मामलेदार नावाची कोंबडी

गुलजारभाई मुलाणींवर माझा राग आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढं कुठं मी चुकून गोड बोलले तर तुम्ही म्हणायला नको की बाईनं पलटी मारली. राग आहे आणि राहणार. माणूस सोन्यासारखा आहे, कबूल. पण सोन्यासारख्या माणसाबरोबर बारा वर्षं काम करून बघा, मग माझ्याशी बोला.

इंदापूरला स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे, स्वरूपा डीटीपी आणि झेरॉक्स. लग्नपत्रिका, अर्ज, वाढदिवसाचे फ्लेक्स, असली कामं. आणि माझ्या झेरॉक्स मशीनशेजारी जे स्टूल आहे, त्यावर सकाळी अकराला जे येऊन बसतात ते गुलजारभाई. धंदा लेखकाचा. तुम्ही हसाल, पण आमच्या इंदापूर-बारामतीकडं लेखकाचं पोट चालतं, कारण इकडं आता एक रीत पडली आहे. घरातलं मोठं माणूस गेलं की वर्षानं पुण्यस्मरण करायचं. मांडव, कीर्तन, दुपारी बाराला फोटोवर फुलं, आणि जेवून निघताना प्रत्येकाच्या हातात गेलेल्या माणसाचं छोटं पुस्तक. साठ-सत्तर पानांचं. वर फोटो, आत चरित्र, शेवटी सगळ्या भावकीची नावं. ही पुस्तकं गुलजारभाई लिहितात, मी टाईप करते आणि छापायला बारामतीला पाठवते. त्यांचं नाव पुस्तकात कुठंच नसतं. मी एकदा म्हटलं, "भाई, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तुमचं नाव टाकते की." तर म्हणाले, "नको ताई, तेवढ्या जागेत एखादा मेव्हणा बसंल."

लिहितात कशावर, तर माझ्या दुकानातल्या पाठकोऱ्या कागदांवर. एका बाजूला कुणाच्या तरी सातबाऱ्याची काळी पडलेली झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला भाईंचं साहित्य. शाईचं पेन, तेही गळकं. उजव्या हाताची दोन बोटं कायम निळी. मोबाइलमध्ये बोललं की आपोआप टाईप होतं, हे मी त्यांना शंभरदा दाखवलं. "बोलताना माणूस खोटं बोलतो, लिहिताना हात अडतो," म्हणाले. बरं बाबा, अडू दे तुमचा हात. पण अक्षर? मुंग्यांनी वरात काढलेली. मला लागत नाही ते नाहीच, एक दिवसानं त्यांचं त्यांनाही लागत नाही. मग दोघं एका कागदावर डोकी घालून बसायचं, हा 'कष्ट' आहे का 'काष्ठ' आहे म्हणून. तोवर दारात दहावीच्या मार्कलिस्टच्या झेरॉक्सला रांग लागलेली.

वाचनाचं तर विचारूच नका. सकाळी पेपर आला की पहिल्या पानाकडं ढुंकूनही बघणार नाहीत, आधी निधनवार्ता. त्या वाचून झाल्या की जाहीर नोटिसा. साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल कुणाकडून तरी मागून आणतात आणि कादंबरीसारखा वाचतात. "ताई, मागच्या वर्षी तिसऱ्या ओळीत उभा असलेला संचालक ह्या वर्षी फोटोत कडेला गेलाय, काहीतरी झालंय बघा." वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं. कव्हर गेलेला एक शब्दकोश पिशवीत कायम, त्याचं वजन एवढं की पिशवीचे बंद दर वर्षी बदलावे लागतात. भजी खाल्ल्यावर कागद फेकायच्या आधी उलटून वाचणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

आणि वाचायची सगळ्यात महत्त्वाची सवय म्हणजे आईला वाचून दाखवणं. त्यांची आई, मेहबूबबी चाची, वय शहाऐंशी. अक्षर एक येत नाही, सहीच्या जागी अंगठा. मी टाईप करून दिलेलं प्रत्येक पुस्तक छपाईला जायच्या आधी गुलजारभाई चाचीच्या खाटेवर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचणार. चाची ऐकत राहिली तर पुस्तक पास. मधेच चाचीला डुलकी लागली तर दुसऱ्या दिवशी हे माझ्या दारात हजर, "ताई, चौथ्या प्रकरणात आम्मा झोपली. परत लिहितो." मी टाईप केलेली पंधरा पानं मातीत! अहो, शहाऐंशी वर्षांचं माणूस, दुपारी जेवल्यावर झोपणार नाही तर काय करणार? पण ऐकायचं कुणी.

तर मागच्या रमजान ईदला ह्याच चाची त्यांना म्हणाल्या, "गुलजार, समद्यांच्या आया लिवल्यास. माझं कवा लिवणार? मी मेल्यावर नगं हां. मला ऐकायचं हाय."

चाचींचा उजवा कान कधीच गेला होता. डाव्याला बारामतीच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं की हाही चालला, फार तर वर्षभर. मशीन दिलं होतं, चाची ते काढून उशीखाली ठेवतात, कानात किडा शिरल्यासारखं वाटतं म्हणून. म्हणजे हिशेब सरळ होता. डावा कान आहे तोवर आईचं पुस्तक पुरं करायचं आणि तिला वाचून दाखवायचं. गुलजारभाईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणी मनापासून काम सांगितलं होतं. ईदच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून पाठकोरे नव्हे, चक्क नवे कोरे कागद नेले.

आणि सहा महिने एक ओळ लिहिली नाही.

मी रोज विचारायची, "भाई, चाचीचं कुठवर आलं?" रोज मान हलवायचे. गणपती गेले, दसरा गेला. मला वाटलं आळस. मी बोललेही तसं. "लोकांच्या आयांना आठ दिवसांत उरकता आणि स्वतःच्या आईला सहा महिने?" पेनाचं टोपण उघडत आणि लावत बसले. तो टकटक आवाज माझ्या डोक्यात जातो.

आता लोकांच्या आया ते कशा उरकायचे, तेही सांगायला पाहिजे. गुलजारभाई आधी त्या घरी जायचे, सगळ्यांना बसवायचे, आणि विचारायचे, "आईविषयी सांगा." की थोरला लेक घसा खाकरून म्हणणार, "कष्टाळू हुती." धाकटा म्हणणार, "प्रेमळ हुती." सून म्हणणार, "धार्मिक हुत्या." झालं. संपली आई! सत्तर-ऐंशी वर्षं जगलेली बाई तीन शब्दांत गुंडाळली. भाई विचारायचे, तिला खायला काय आवडायचं? चिडली की काय करायची? कशाला घाबरायची? सगळे एकमेकांकडं बघायचे. "तसं काय विशेष न्हाय." आणि मग शेवटच्या पानावर कुणाचं नाव कुणाच्या आधी, ह्यावर दोन तास भांडण. चुलत्याचं नाव जावयाच्या खाली गेलं म्हणून एकानं माझ्या दुकानात पान फाडलं होतं.

मग भाई माझ्याकडं यायचे, दमून. मला म्हणायचे, "ताई, ते लासुर्ण्याच्या बाईच्या पुस्तकातलं आठवं पान घ्या, आणि सणसरच्यातलं चौदावं." मी ते उचलायची, नाव बदलायची, इकडं चिकटवायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही हो. लग्नपत्रिकेत नाही का, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' सगळीकडं तेच असतं, ज्याला मामा नाही त्याच्याही पत्रिकेत! मी धरून चालले की हेही तसंच, भाईंनी एकदा बसून बनवलेलं तयार सामान. असे बरेच परिच्छेद होते, त्यातले चार-पाच तर मला तोंडपाठ झाले होते. एकात ही बाई नवऱ्यावर रागावली की नवऱ्याशी बोलायची नाही, दाराशी बोलायची. "दारा, त्यास्नी सांग, ताट वाढलंय." एकात तिनं कोंबड्यांना सरकारी नावं ठेवलेली. एक तलाठी, एक सर्कल, एक मामलेदार. मामलेदार अंडं देत नव्हता. "खाऊन बसतोय, काम करत न्हाय, नाव बरोबर हाय," असं ती म्हणायची. आणि एकात पोराच्या शाळेच्या खिडकीखाली ही बाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन रोज थांबायची आणि आतले पाढे ऐकायची. सही येत नव्हती, पण सतराचा पाढा पाठ. तो अख्खा पाढा पुस्तकात छापायचा, असा भाईंचा हट्ट. अर्धं पान जायचं त्यात. मी कुरकुर केली की म्हणायचे, "जाऊ दे ताई, एवढा राहू दे."

दिवाळीनंतर द्वारकाबाई आल्या तेव्हा हे सगळं बाहेर पडलं.

द्वारकाबाई म्हणजे वरकुट्याच्या जोतीरामरावांची बहीण, सणसरला दिलेली. वरकुट्याला त्यांच्या आईचं, भिमाबाईंचं, पुण्यस्मरण नुकतंच झालं होतं. पुस्तक आमचंच. दुपारची वेळ, मी एका पत्रिकेत गुंतलेली, भाई स्टुलावर निधनवार्ता वाचत. बाईंनी आत येऊन काउंटरवर पुस्तक आपटलं.

"कोण हाय ह्यो लेखक?"

भाई उठून उभे राहिले. "मीच, ताई. काय झालं?"

"काय झालं? चौदावं पान वाचा! महाराजांनी भर कीर्तनात माइकवर वाचलं. म्हणं भिमाबाईंच्या कोंबड्यांची नावं तलाठी, सर्कल आन् मामलेदार! अवो, माझ्या आईच्या गळ्यात माळ हुती! उभ्या जन्मात तिनं कोंबडीला दारात उभी केली न्हाय! मांडवात चारशे माणूस. निम्मी हसाय लागली, निम्मी माझ्या भावाकडं बघाय लागली. महाराज पाणी प्याले!"

मला तो कागद आठवला. चाचीसमोरचं वाचन उरकल्यावर, छपाईला जायच्या दिवशी, एक पान कमी पडतं म्हणून भाईंनी निळ्या शाईत स्वच्छ लिहून दिलं होतं, 'सणसरच्या साखरबाईंच्या पुस्तकातलं चौदावं पान घ्या. भिमाबाई माळकरी, म्हणून कोंबड्यांच्या जागी शेळ्या करा, अंड्याच्या जागी दूध.' मी पान उचललं, चिकटवलं, नाव बदललं, तेवढ्यात फ्लेक्सवाल्याचा फोन आला. शेळ्या राहूनच गेल्या.

"चूक माझी आहे, ताई," गुलजारभाई हात जोडून म्हणाले.

"अहो, तुमची कशी? माझी आहे!" मी ओरडलेच. एवढा राग येतो ना मला त्यांचा! माझी चूक मला तरी करू द्या.

द्वारकाबाई थांबल्या नाहीत. पिशवीतून दुसरं पुस्तक काढलं, मागच्या वर्षीचं. "कोंबडीचं ऱ्हाऊ द्या बाजूला. ही माझी सासू, साखरबाई. ही माझी आई, भिमाबाई. दोघींचा उभा दावा. माझ्या लग्नात मानपानावरनं जी खटकली ती सोळा वर्षं एकमेकींच्या दारात पाय टाकला न्हाय. आन् तुमच्या पुस्तकात दोघी एकच? दोघीबी दाराशी बोलत्यात, दोघीबी खिडकीखाली उभ्या? माझी सासू वर बसून टाळ्या पिटत आसंल!"

मला हसू आलं, मी ते दाबलं. भाई मात्र हसले नाहीत. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "बसा, ताई. मी जोतीरामरावांकडं चार चकरा मारल्या. आई कशी होती विचारलं. ते म्हणाले, कष्टाळू, प्रेमळ, धार्मिक. चार चकरांत तीन शब्द. तुम्ही तेव्हा सापडला नाहीत. आता सांगा. मी नवीन पुस्तक लिहितो, पुन्हा छापून देतो. भिमाबाईंना खायला काय आवडायचं?"

"आता काय सांगू..." द्वारकाबाई बसल्या. "तिला वांगं आवडत न्हवतं." थोडं थांबल्या. "न्हाय. ते मला आवडत न्हाय. ती करायची आन् मी रुसायची." पंखा फिरत होता. भाई पेन उघडून बसले होते. पाच मिनिटं झाली असतील. "चिडली की... चिडायची न्हाय वो ती." आणि एकदम बाईंनी पदर तोंडाला लावला. "असं कसं? माझी आई हाय. मला म्हाईत पाहिजे."

मी पाणी दिलं. डोळे पुसून बाईंनी विचारलं, "मग ह्या कोंबड्या कुणाच्या? कुणाच्या तरी आसतीलच की. असलं काय मनानं सुचत न्हाय."

"माझ्या आम्माच्या," गुलजारभाई म्हणाले. "दारही तिचंच. खिडकीही."

मी कीबोर्डवरचे हात उचलले. बारा वर्षं मी ती पानं इकडून तिकडं चिकटवत होते.

"हायत्या का तुमच्या आई?"

"आहे."

"त्यास्नी म्हाईत हाय का, त्यांचं असं समद्यांना वाटून टाकलंय म्हणून?"

भाईंनी पेनाचं टोपण लावलं. द्वारकाबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "कोंबड्यांच्या शेळ्या करा. दुसरं काय बदलू नगा. मांडवात बाया म्हणत हुत्या, भिमा एवढी हुशार हुती आमाला म्हाईतच न्हवतं. सतराचा पाढा... ऱ्हाऊ द्या तो आईला."

त्या गेल्यावर मी भाईंना सोडलं नाही. "लाज नाही वाटली? जिवंत आईला असं तुकड्या-तुकड्यानं वाटून टाकलंत?"

"पान कोरं सोडता येत नाही, ताई," ते म्हणाले. "पहिल्यांदा एकाच पुस्तकात घातलं. त्या घरात काहीच सापडेना, म्हटलं एक कोंबडी देऊ. आम्माला वाचून दाखवलं, तर ती केवढी हसली! म्हणाली, 'अगं बया, आमच्याबी हुत्या की अशाच कोंबड्या.' तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, की आम्मा, ह्या तुझ्याच. मला लाज वाटली. म्हटलं पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी दाराचं घातलं. ती म्हणाली, 'ही बाईबी माझ्यासारखीच.' तिला बरं वाटायचं, ताई. गावोगाव आपल्यासारख्या बाया हायत म्हणून. मग सांगणं राहूनच गेलं." आणि मग, "आता तिचं लिहायला बसतो, तर प्रत्येक ओळ कुणाच्या तरी नावावर छापून झालेली. माझ्याकडं माझी आई शिल्लकच नाही."

ऐकून वाईट वाटलं मला. पण राग माझा, तो काही तेवढ्यानं जाणारा नव्हे. "मग नवीन काहीतरी विचारा की तिला! शहाऐंशी वर्षांची बाई आहे, चार कोंबड्यांपलीकडं काही असेलच."

दुसऱ्या दिवशी आले ते पिशवी आपटूनच. शब्दकोश खाली पडला. "विचारलं. रात्री नाही, सकाळी, चहा प्यायल्यावर, चांगल्या मूडमध्ये असताना. म्हटलं, आम्मा, कुणाला कधी सांगितलं नाही असं काहीतरी सांग. तर काय म्हणाली असेल?"

"काय?"

"'मी काय, कष्ट केलं. समद्यांवर माया केली. नमाज चुकवला न्हाय.'" भाईंनी कपाळावर हात मारला. "कष्टाळू, प्रेमळ, धार्मिक! बारा वर्षं मी ज्या तीन शब्दांशी भांडतोय, ते माझ्याच घरात, माझ्याच खाटेवर बसलेत!"

असे तीन आठवडे गेले. भाई लिहायचे आणि फाडायचे. चिडचिड एवढी की ज्या माणसानं कधी आवाज चढवला नाही त्यानं माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला, आईविषयी 'देवमाणूस' एवढंच सांगतो म्हणून, बाहेर काढलं. "देवमाणूस होती तर देव्हाऱ्यात ठेवा, पुस्तक कशाला?" म्हणाले. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. तिकडं चाचीला आता एक वाक्य तीनदा सांगावं लागत होतं.

शेवटी मीच म्हटलं, "भाई, जे वाटून टाकलंत ते परत घ्या. तुमचंच आहे. सगळ्या फायली माझ्याकडं आहेत."

भाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "परत घेता येतं?"

"कॉम्प्युटरवर येतं."

दोन दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. बारा वर्षांच्या फायली उघडल्या. एकोणीस बायका. एकेकीच्या पुस्तकातून चाची काढत गेले आणि एका नव्या फाइलमध्ये ठेवत गेले. कुठं शेळ्या होत्या त्या परत कोंबड्या केल्या. भाईंनी कडेला बसून जोडलं, सांधलं, मधलं लिहिलं. चोपन्न पानं झाली. आणि पहिल्यांदाच मी ते सलग वाचलं. बाई गं, काय बाई होती! तुकड्या-तुकड्यात मला कधी दिसलीच नव्हती. दाराशी भांडणारी, मामलेदाराला शिव्या घालणारी, डोक्यावर भारा आणि कान खिडकीत. एकोणीस घरांना पुरून उरली होती ती. मी मोठ्या अक्षरात, चांगल्या कागदावर एक प्रत काढली. वर चाचीचा फोटो, हिरव्या पदरातला. खाली, मी न विचारता, 'लेखक : गुलजार मुलाणी'.

रविवारी दुपारी मीही गेले ऐकायला. म्हटलं, आता कुणी झोपणार नाही. परवीनभाभींनी, म्हणजे भाईंच्या बायकोनं, चहा ठेवला होता. चाची खाटेवर भिंतीला टेकून, डोक्यावर पदर सारखा करून बसलेल्या. लग्नाला निघाल्यासारख्या. भाई डाव्या कानापाशी सरकले.

"आम्मा, तुझं पुस्तक."

"वाच."

वाचायला लागले. माहेर, लग्न, सगळं चाचींनी मान हलवत ऐकलं. मग कोंबड्या आल्या. तलाठी, सर्कल. चाची खुदकन हसल्या. "मामलेदार! अंडं देत न्हाय तो! सणसरच्या साखरबाईची कोंबडी ती!"

"नाही आम्मा. तुझी. आपल्या जुन्या घरी, जांभळीखाली."

"माझी कुठली रं? साखरबाईची. हितंच बसून वाचली हुतीस की."

भाईंनी माझ्याकडं बघितलं. पान उलटलं. दाराचं वाचलं. "दारा, त्यास्नी सांग, ताट वाढलंय."

"लासुर्ण्याची बाई," चाची म्हणाल्या. "लई मानी हुती." आणि मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. ऐकू कमी येणारी माणसं मोठ्यानं बोलतात, पण चाची हळू बोलल्या, परवीनभाभीला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू. "गुलजार, लोकांच्या आयांचं उचलून मला देऊ नगं बाबा. त्यांची लेकरं काय म्हणतील? माझं न्हाय काय, तर न्हाय. मी आपली साधी बाई. कष्ट केलं, माया केली. तेवढंच लिव. मला चालतंय."

"आम्मा, हे सगळं तुझंच आहे! मी त्यांना दिलं होतं, तुझं! मी दिलं!" भाई कानाशी तोंड नेऊन ओरडत होते. एकसष्ट वर्षांचा माणूस. चाची त्यांच्या निळ्या बोटांवरून हात फिरवत होत्या, खोटं बोलणाऱ्या लहान पोराला समजावावं तसा.

मग भाईंना काहीतरी सुचलं. पुस्तक बाजूला ठेवलं. "आम्मा, सतराचा पाढा म्हण."

"कशाला?"

"म्हण तर."

चाचींनी डोळे मिटले. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. एका लयीत, शाळेतल्या पोरांसारखं अंग पुढं-मागं करत. एकशे सत्तरपर्यंत एकदाही अडल्या नाहीत. भाईंचे डोळे भरून आले, पण चेहरा जिंकल्यासारखा झाला. आईचा हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, "बघ! आता सांग, हा पाढा कुणाचा?"

चाचींनी डोळे उघडले. स्वतःवरच खूष झाल्या होत्या.

"वरकुट्याच्या भिमाबाईचा," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकून ऐकून मलाबी पाठ झाला बघ."